काजूगरासारखा नव्हता तो नोड

रत्नागिरीत सोनोग्राफी करता करता बरीच वर्षं झाली, पण गेल्या पावसाळ्यातल्या एक मावशी काही डोक्यातून जात नाहीत. मासे विकणाऱ्या, पन्नाशीच्या. थायरॉईडच्या उजव्या बाजूला गाठ, सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर आलेला, मुंबईत ऑपरेशन ठरलेलं. आधीच्या रिपोर्टमध्ये फक्त थायरॉईडचं वर्णन, मानेच्या बाजूंबद्दल एक ओळ नाही, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं. सर्जननी फोन करून सांगितलं, आधी मानेच्या दोन्हीकडचे नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, नीट बघून द्या.

खांद्याखाली उशी दिली, मंगळसूत्र बाजूला घेतलं, जेल लावलं. "म्याडम, गाठ तर पुढं हाय, तुमी कानाखाली काय बघताय?"

चांगला नोड काजूगरासारखा दिसतो, लांबट, मधे चरबीची पांढरी रेघ. जबड्याखालचे सगळे तसेच. मग गळ्याच्या शिरेच्या कडेकडेने हळूहळू खाली येत गेले आणि उजव्या कॉलर बोनच्या जरा वर, मानेच्या ज्या भागाला आम्ही लेव्हल ४ म्हणतो तिथे, हात थांबला. ११ मिमी, गोल, मधली रेघ गायब, आत रव्याच्या कणांसारखे चमकणारे ठिपके. शेजारचा दुसरा अर्धा पाण्याने भरलेला. बोटांनी चाचपून दोन्ही लागत नव्हते.

थायरॉईडच्या मागचे, मधल्या भागातले नोड्स थायरॉईड जागेवर असताना नीट दिसत नाहीत, श्वासनलिकेतली हवाही आड येते, तेही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं.

सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली, आणि नंतर तीच सुई सलाईनने धुवून ते पाणी थायरोग्लोब्युलिनसाठी पाठवलं. हे प्रोटीन थायरॉईडच्याच पेशी बनवतात, बाजूच्या नोडमध्ये त्याचं काय काम? ते भरपूर निघालं, पेशीही कॅन्सरच्याच.

"पसरलाय म्हंजे संपलंच ना?" मी स्टूल ओढून शेजारी बसले. म्हटलं, मावशी, हा कॅन्सर मानेच्या नोड्समध्ये बऱ्याचदा जातो आणि तरी त्यावर उपचार चांगले होतात, आता कळलंय म्हणून एकाच ऑपरेशनमध्ये थायरॉईडबरोबर उजव्या बाजूचे नोड्सही काढतील, नाहीतर मागे राहिले असते आणि पुन्हा त्याच जखमेतून जावं लागलं असतं. त्या रडल्या, मग मुलाला म्हणाल्या, तिकीट काढ.

सहा महिन्यांनी तपासणीला आल्या. मी काही सांगायच्या आधीच उशी ओढून खांद्याखाली घेतली आणि मान डावीकडे वळवली. उजवी बाजू वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. काही नव्हतं.