वडिलोपार्जित कशाला म्हणायचं?

‘आजोबांची जमीन वडिलांकडे आली, म्हणजे ती वडिलोपार्जितच, मग आम्हाला न विचारता वडील ती विकतात कशी?’ असं तुम्ही विचारलंत. हिंदू कायद्यापुरतं बोलायचं तर आधी मला आजोबांच्या मृत्यूची तारीख सांगा.

बोलताना आपण बापजाद्यांचं सगळंच वडिलोपार्जित म्हणतो. कोर्ट तसं मानत नाही. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा त्याआधी वारले असतील, तर वडिलांकडे आलेल्या जमिनीत मुलांचा जन्मापासून हिस्सा. आजोबा त्यानंतर वारले आणि जमीन त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर कलम ८ नुसार मिळालेला वाटा वडिलांचा एकट्याचा. तो ते विकू शकतात, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ सालच्या चंदर सेन निकालापासून हे पक्कं आहे, तरी नातवंडांचे दावे थांबत नाहीत. आईच्या माहेरून आलेली जमीन तर वडिलोपार्जित नसतेच.

खरोखर वडिलोपार्जित असली तरी कर्ता म्हणजे एकत्र कुटुंबाचा प्रमुख या नात्याने वडील ती कायदेशीर गरजेसाठी विकू शकतात. कर्जफेड, मुलीचं लग्न ही त्याची नेहमीची उदाहरणं. गरज होती हे मात्र खरेदीदाराला दाखवावं लागतं.

आईवडील, एक मुलगा, एक मुलगी असं घर धरा. वडिलोपार्जित जमिनीत चौघांना चौथा-चौथा हिस्सा. वडील मृत्युपत्र न करता गेले की त्यांचा चौथा तिघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. जमीन वडिलांची स्वतंत्र असती तरी एक तृतीयांशच! फरक पडतो तो मृत्युपत्र असलं तर: तेव्हा वडिलोपार्जितपैकी फक्त त्यांचा चौथा हिस्सा दुसऱ्याला जातो. मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच आहे. त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं.

गोव्याचं गणित वेगळं. तिथे मुलं असताना स्वकष्टार्जितसुद्धा अर्ध्यापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

नुसता सातबारा बघून यातलं काही ठरत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढा आणि नाव ‘वारसाने’, ‘वाटणीने’ की ‘खरेदीने’ लागलं ते वाचा. एकट्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागले आहेत. हक्कसोडपत्र झालंय असं कुणी म्हणालं, तर नोंदणी झालेली प्रत मागा.