तुम्ही विचारलंत म्हणून: ही पावडर आत राहून काही करणार नाही ना?

"डॉक्टर, ही पावडर कायमची आत राहणार. पुढे कॅन्सर-बिन्सर? जीन्स नाही ना बदलणार?" दाताच्या इम्प्लांटसाठी जबड्याचं हाड कमी पडतं, मी बोन ग्राफ्ट (कमी पडलेल्या हाडाच्या जागी भरायची पावडर) सुचवतो आणि हा प्रश्न येतो. गाईच्या हाडाची नको म्हणून सिंथेटिक मागणारेही 'सिंथेटिक' शब्दालाच बिचकतात.

ही पावडर बहुतेक वेळा हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असते, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाचीच भावकी, भट्टीत भाजलेली. तिच्यात पेशी नाही, डीएनए नाही. दुसरं म्हणजे, ती सगळी कायमची राहतही नाही; ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळतं, त्या जागी आपलं हाड येतं. धास्ती असलीच तर सोबत चोरपावलांनी येणाऱ्या आर्सेनिक, शिसं, कॅडमियमची.

म्हणून आयएसओ १०९९३-३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, जनुकांना इजा होते का, याची तपासणी होते. त्यातली एम्स चाचणी (दिल्लीचं एम्स नव्हे, ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाची) मला भारी वाटते. हिस्टिडीन (प्रथिनांचा एक घटक, वाढायला लागणारा) स्वतः बनवता न येणारे साल्मोनेला जिवाणू हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या ताटलीत ठेवायचे, सोबत ग्राफ्टचा अर्क. नेहमीपेक्षा जिवाणूंचे बरेच जास्त ठिपके उगवले, तर अर्कानं त्यांचं जनुक बदललं आणि ते हिस्टिडीन बनवू लागले. काही द्रव्यं यकृतातून गेल्यावरच घातक होतात, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क घालून तेच पुन्हा.

पण न विरघळणारा दाणा जिवाणूच्या आत शिरत नाही. अर्कात उतरलं तेवढंच तपासलं जातं. त्यामुळे एकट्या एम्सवर मी विसंबत नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरची मायक्रोन्यूक्लियस चाचणीही हवी. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला, की केंद्रकाशेजारी एक बारका गोळा दिसतो. शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट या चाचण्यांत सहसा निर्धास्त ठरतं. पाकिटावरचा लॉट नंबर मात्र फाइलला चिकटवून घ्या.

असेच गोळे तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालाच्या पेशींत जास्त सापडतात. परवा हाच प्रश्न विचारणाऱ्या काकूंना मी म्हटलं, "मशेरी लावता?"

"सकाळची तेवढी. दात घासायला."

"आणि दुपारची?"

काकू हसल्या आणि पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. ग्राफ्टची तारीख मी महिनाभर पुढे टाकली.