जर्मन बी१, नोंद सातवी: तीन पास, एक नापास

निकाल आला. वाचन ८७, ऐकणं ७३, लेखन ६८, बोलणं ५४. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ला, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या परीक्षेला, प्रत्येक मॉड्यूलमध्ये १०० पैकी ६० लागतात, म्हणजे तीन पदरात पडले आणि एक पुन्हा. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दगा दिला तर लेखनच देईल. दगा दिला तो तोंडाने, जे इंदूरमध्ये मिनिटभरही बंद नसतं.

रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी परीक्षा, रात्री परत. झोप नीट झाली नव्हती, पण त्यावर ढकलण्यात अर्थ नाही. वाचनात पाच भाग, ६५ मिनिटं, वेळ पुरला. ऐकण्याच्या चार भागांपैकी पहिला आणि शेवटचा दोनदा ऐकवतात, मधले दोन एकदाच. माझ्या चुका बहुतेक त्या मधल्या दोघांतच असणार. लेखनाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बोलण्याबद्दल मात्र आहे. परीक्षा जोडीने असते. आधी तयारीला १५ मिनिटं, मग समोर दोन परीक्षक. पहिल्या भागात जोडीदारासोबत एखादा बेत ठरवायचा, दुसऱ्यात दिलेल्या विषयावर छोटं भाषण, तिसऱ्यात एकमेकांच्या भाषणावर बोलणं आणि प्रश्न. भाषणाची मी घोकंपट्टी केली होती: विषयाची ओळख, माझा अनुभव, माझ्या देशातली स्थिती, फायदे-तोटे, आभार. ते गाडीच्या डब्यांसारखं सुटलं आणि सुखरूप पोहोचलं. फसला तो पहिला भाग. निरोप समारंभ ठरवायचा होता. जोडीदार मुलगा बिचारा विचारतोय, शनिवारी चालेल का, खाणं कोण आणेल, भेट काय द्यायची, आणि मी प्रत्येकावर ‘या, गूट’, म्हणजे ‘हो, छान’. चार-पाच वेळा तरी. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर वाटलं, छान झालं, एकही व्याकरणाची चूक नाही! ‘या, गूट’मध्ये चूक करायची तरी कुठे?

घरी येऊन सीईएफआरचा, म्हणजे भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीचा, एक तक्ता काढला. युरोप परिषदेने २००१ मध्ये ही चौकट प्रसिद्ध केली. तिच्या सहा पातळ्या, ए१ ते सी२, आपण सगळे पाठ म्हणतो, पण बोलण्याचे निकष असलेला तक्ता कोणी बघत नाही. मीही बघितला नव्हता. त्यात पाच रकाने आहेत: आवाका, अचूकपणा, ओघ, संवाद, सुसंगती. मी सहा महिने एकाच रकान्यात राबत होते, अचूकपणात. संवादाच्या रकान्यात बी१ला साधारण असं लिहिलंय की ओळखीच्या विषयावर समोरासमोरचं साधं संभाषण सुरू करता, चालू ठेवता आणि संपवता येतं. मी फक्त संपवत होते.

आता जरा गणिताची गंमत. माझी बेरीज ४०० पैकी २८२. फ्रेंचच्या डेल्फला चार भाग प्रत्येकी २५ गुणांचे असतात, एकूण ५० मिळाले आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली गेलं नाही की पास. याच प्रमाणात गुण पडले असते तर मी तिथे आरामात सुटले असते. जपानीच्या जेएलपीटीत तर एन५ पासून एन१ पर्यंत तोंडी परीक्षाच नाही, तिथे माझं हे बिंग कधी फुटलंच नसतं. त्यामुळे ‘मी बी१ आहे’ असं कुणी म्हटलं की मी आता विचारते, कुठल्या परीक्षेचा, आणि चारही भाग का?

हाच चष्मा लावून घरात बघितलं. आमच्या तीन पिढ्या इंदूरच्या, मी शिकले हिंदी माध्यमात. मराठी वाचते भरपूर, बोलते तर विचारू नका. पण परवा गणेशोत्सवाच्या वर्गणीचं पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत ‘आपणांस अवगत करविण्यात येते की’ असं उमटलं. काका म्हणाले, ‘‘हे कुठल्या कचेरीतून आलंय, भिया?’’ तर माझं मराठी लेखन, खरं सांगायचं तर, बी१. आईचं उलट. पुण्याची मावशी आली की भाजीवालीचं माळवी मावशीला आणि मावशीचं पुणेरी भाजीवालीला समजावून देते, दोघींचे टोमणे गाळून. सीईएफआरच्या २०२० च्या पूरक खंडात याला मध्यस्थी म्हणून सविस्तर निकष दिलेत. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘याचेही मार्क देतात?’’

आता एकच मॉड्यूल पुन्हा द्यायचं आहे. या महिन्यात दोन गोष्टी. एक, शब्द सापडला नाही तर वळसा घालून सांगायचा सराव. रोज सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभी राहून जीरावन जर्मनमध्ये समजावते: ‘आइन गेव्युर्त्स, दास मान ऑबन द्राउफ श्ट्रॉयट’, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला. वाफेवरचे पोहे अजून जमले नाहीत. जिलेबीच्या तर वाटेलाच जात नाही.

दोन, आईसोबत बेत ठरवणं. तिला जर्मन येत नाही. ती मराठीत विचारते, मी जर्मनमध्ये उत्तर देते, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिला एक प्रश्न विचारायचाच, असा नियम. माझा प्रश्न मीच तिला मराठीत सांगते. काल सहलीचा बेत होता, पातालपाणी. गाडी किती वाजता, डबा कोण करणार, पाऊस आला तर काय, हे सगळं पार पडलं. मग ती म्हणाली, ‘‘आणि आल्यावर भांडी कोण घासणार?’’

‘या, गूट’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ‘अबवाशन’ आठवायला अर्धं मिनिट लागलं, आणि तोवर ती उठून गेली होती.