शंभर म्हणजे डोळ्यांसकट की डोळ्यांशिवाय?

मणक्याला मार बसून व्हीलचेअर आल्यापासून माझ्या तब्येतीचे फॉर्म इतक्या जणांनी भरून घेतलेत की त्याचं आता काही वाटत नाही. त्यामुळे अपंग व्यक्तींना स्वतःची तब्येत कशी वाटते, या सर्वेक्षणात मुलाखती घेणार का, असं कुणी विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. एकदा तरी प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं होतं. (खुर्ची माझी मीच नेली, हा भाग वेगळा.)

मुख्य प्रश्न एका ओळीचा. एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे? उत्तमपासून वाईटपर्यंत पाच पर्याय, एकावर खूण. एवढ्याशा प्रश्नाचं कसलं प्रशिक्षण, असं वाटलं होतं. पण १९८२ साली मॉसी आणि शपिरो या संशोधकांनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की जे स्वतःची तब्येत वाईट सांगत होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. वय आणि वैद्यकीय नोंदी हिशेबात धरूनसुद्धा. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही असंच दिसलं. तपासणीच्या कागदावर न उतरणारं काहीतरी माणसाला स्वतःबद्दल ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न जगभर विचारतात.

अडतं ते पुढच्या प्रश्नांत. सरावासाठी आम्ही एसएफ-३६ ही तब्येत मोजायची प्रसिद्ध प्रश्नावली एकमेकांकडून भरून घेतली. तिच्यात शारीरिक क्षमतेचे दहा प्रश्न आहेत आणि त्यातले पाच नुसते जिने चढण्याचे आणि चालण्याचे. एक मजला चढता येतो का, अनेक मजले चढता येतात का, मैलभर चालता येतं का. माझं प्रत्येकाला एकच उत्तर. त्या आठवड्यात मला साधी सर्दीही नव्हती. माझ्या लेखी तब्येत बरी म्हणजे बसायच्या जागेची कातडी शाबूत, लघवीचं इन्फेक्शन नाही आणि रात्री पायांना झटके येत नाहीत. यातलं काहीच त्या पाच प्रश्नांच्या वाटेला येत नव्हतं, आणि माझे गुण मात्र रसातळाला. मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करणाऱ्या संशोधकांनी यावर तोड काढून ‘चालणे’ आणि ‘चढणे’ यांच्या जागी ‘जाणे’ घातलेली आवृत्ती केली आहे. तशी विचारली की रॅम्प आणि लिफ्ट असलेल्या ठिकाणी मीही मजले चढतो. आम्ही तीच घेतली.

मग ईक्यू-५डी ही तब्येतीचीच दुसरी प्रश्नावली. हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी असे पाच प्रश्न, आणि शेवटी थर्मामीटरसारखी उभी पट्टी. खाली शून्य, वर शंभर. शंभर म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल अशी सर्वांत चांगली तब्येत. जन्मापासून अंध असलेल्या एका काकांना मी पट्टीचं वर्णन तोंडी सांगितलं. ते म्हणाले, “थांबा. शंभर म्हणजे डोळ्यांसकट की डोळ्यांशिवाय?”

मुलाखत घेणाऱ्याने अर्थ सांगायचा नसतो. “तुम्हाला जे योग्य वाटेल ते धरा,” एवढंच म्हणता येतं.

“मग डोळे सोडा, ते मी कधी मोजलेच नाहीत. शुगर वाढलीय, तेवढे मार्क कापा. ऐंशी.”

दृष्टी नुकती गेलेल्या माणसाने ऐंशी सांगितले असते तर ते वेगळे ऐंशी असते. कालांतराने माणसाचा आतला मापदंड सरकतो, कशाला महत्त्व द्यायचं ते बदलतं, तब्येत कशाला म्हणायचं तेही बदलतं. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी १९९९ मध्ये याची मांडणी केली. त्याच वर्षी अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या अभ्यासकांनी घेतलेल्या मुलाखतींत गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. याला अपंगत्वाचा विरोधाभास म्हणतात. मला त्यात विरोधाभास दिसत नाही. तो बाहेरून बघणाऱ्याला दिसतो.

तरीही ‘चांगली’ हे उत्तर ऐकून वही मिटायची नसते. पोलिओ झालेल्या एका ताईंनी पहिल्या प्रश्नाला झटक्यात ‘चांगली’ सांगितलं. वेदनेच्या प्रश्नाशी आल्यावर कळलं की कुबड्यांमुळे दोन्ही खांदे वर्षानुवर्षं दुखतात, कुठल्याच कुशीवर झोपता येत नाही. “ते होय, ते नेहमीचंच,” म्हणाल्या. त्यांचं ‘चांगली’ खोटं नव्हतं. पण त्यावरून त्यांना उपचारांची गरज नाही असा निष्कर्ष कुणी काढला तर तो लबाडीचा ठरेल. म्हणून एकंदर तब्येतीचा प्रश्न आम्ही सगळ्यांत आधी ठेवला, म्हणजे अडचणींची यादी ऐकून उत्तर खाली घसरत नाही, आणि दुखण्याखुपण्याची चौकशी मागाहून सविस्तर केली.

सगळ्यात जास्त वाद उत्तरं भरायच्या टॅबलेटशी झाला. अपंगत्व नोंदवायला आम्ही वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेले सहा प्रश्न वापरत होतो: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, संवाद. एखाद्याने चालण्यापुढे ‘अजिबात जमत नाही’ आणि तब्येतीपुढे ‘उत्तम’ सांगितलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची, ‘विसंगत उत्तर, पुन्हा तपासा’. नियम लिहिणाऱ्याला वाईट हेतू नव्हता, फक्त अशी माणसं त्याला माहीत नव्हती. मी माझीच उत्तरं भरून लाल झालेला पडदा बैठकीत फिरवला. नियम निघाला.

राहिला प्रश्न दुसऱ्याने उत्तर देण्याचा. चालणं, अंघोळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी घरचे बऱ्यापैकी बरोबर सांगतात. वेदना आणि मनःस्थिती यांत त्यांचं आणि त्या व्यक्तीचं उत्तर जास्त वेगळं पडतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेला एक तरुण अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलायचा. प्रश्न संपायच्या आत त्याची आई म्हणाली, “बरी आहे हो दादा, आहे त्यात बरी आहे.” मी त्याच्याकडे बघत थांबलो. त्याने ‘वाईट’वर बोट ठेवलं. आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपलं लेकरू इतक्या वर्षांचं दुःख आज बोलतंय. बोट तक्त्यावर सावकाश सरकत राहिलं. दा. ढ.

दोन्ही उत्तरं दोन रकान्यांत गेली, एकाचं दुसऱ्याशी जुळवून न घेता, आणि शेऱ्यात दाढेची नोंद केली. पुढे काय झालं ते विचारायची फॉर्ममध्ये सोय नव्हती, म्हणून नंतर मी आपणहून फोन केला. दाढ काढून आले होते. आई म्हणाली, तो विचारतोय, आता उत्तर बदलून मिळेल का.