मेजरला ॲडमिट करायची वेळ का येते

1850च्या सुमारास अमेरिकेतल्या एडवर्ड जार्विस या डॉक्टरच्या लक्षात आलं की मनोरुग्णालयात जवळच्या गावांतून जास्त रुग्ण येतात, लांबून कमी. आजार काही अंतर बघून होत नाही. आपल्याकडेही पाटणच्या खोऱ्यातला किंवा जतकडचा माजी सैनिक, म्हणजे गावाचा 'मेजर', उशिरा पोचतो, आणि तोवर ओपीडीवर भागण्यासारखं राहिलेलं नसतं.

दारूचं प्रकरण तर सगळ्यात जास्त चुकीचं हाताळलं जातं. रिटायर झालेला गडी रात्रपाळीला सिक्युरिटीत लागतो, दिवसा झोप लागत नाही म्हणून घेतो, लष्करी कँटीनचा दारूचा कोटा असतोच. मग श्रावण येतो किंवा घरचे माळ घालायला लावतात आणि रोजची दारू एका दिवसात बंद होते. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, फिटही येऊ शकते; दोन ते चार दिवसांत भास, घाम, ताप, माणसं न ओळखणं. घरच्यांना वाटतं मेजरला वेड लागलं, कुणी बाहेरची बाधा काढतं. यात जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची, आणि दवाखान्यात नेल्यावर 'रोज पितात, शेवटची परवा घेतली' हे आधी सांगायचं. लाज वाटून लपवलं तर ग्लुकोजच्या सलाईनआधी द्यायचं थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) राहून जातं.

दुसरं कारण गोळ्यांचं. बरं वाटलं की बंद, हे सगळ्यांना माहीत आहे. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीचं मात्र उलटंही होतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाल्लं, वर उन्हात शेतात घाम गाळला, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त कापायला लागले, तोल जायला लागला, जुलाब लागले तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी.

कागदांनीही दिवस जातात. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे, पण कार्ड कपाटात आणि चावी मेजरकडे! एरवी योजनेच्या दवाखान्याचं, म्हणजे पॉलिक्लिनिकचं, रेफरल लागतं. इमर्जन्सीत योजनेच्या यादीबाहेरच्या हॉस्पिटलात नेलं, तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं.

रुग्ण तयार नसेल तर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 89 प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर जास्तीत जास्त 30 दिवस ठेवता येतं. त्याआधी दोघांनी स्वतंत्र तपासणी करायची, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. हा प्रतिनिधी माणूस बरा असताना साध्या कागदावर सही करून नेमता येतो. नेमला नसेल तर बायको आणि भाऊ वॉर्डाच्या दारात भांडतात, हे ठरलेलं.

रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पॉलिक्लिनिकला द्या, नाहीतर पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिथला डॉक्टर कशावरून लिहिणार?