रकान्यात ‘निरंक’ चालत नाही

एमएस्सीचं प्रोजेक्ट होतं: नाशिकजवळच्या गोदावरी खोऱ्यात नद्यांच्या वळणांवरून, उतारांवरून सक्रिय भ्रंश (जिच्या दोन्ही बाजूंचे खडक अजूनही सरकतात अशी जमिनीतली भेग) दिसतो का ते पाहायचं. उंचीचा डेटा फुकट मिळाला, नकाशे आठवड्यात झाले. पुढे अडलं.

गंगापूर धरणापाशी सॉफ्टवेअरने काढलेले प्रवाह पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. सरळ रेघ म्हणजे सापडला भ्रंश! रात्री अकराला आईला उठवून दाखवला. सर एवढंच म्हणाले, “अगं, तिथे पाणी आहे ना?” जलाशय सपाट, उतारच नसला की सॉफ्टवेअर आपल्या मनाने रेघा ओढतं. तेव्हा आधी जलाशय बाजूला काढा.

मग गोदावरीवरचं सोमेश्वर. नदीच्या उताराच्या आलेखात तिथे ठसठशीत पायरी. भ्रंशाने एक बाजू उचलली तर अशी पायरी येते, पण मग तीच पायरी त्या रेषेतल्या शेजारच्या नाल्यांतही दिसायला हवी आणि थर खाली-वर सरकलेले हवेत. नाल्यांत काही नव्हतं. काठावर कणीस खात खात पाहिलं, तर कातळाचे थर पायरीच्या दोन्हीकडे एकाच पातळीला. म्हणजे कठीण लाव्हाथराचा धबधबा. खोऱ्याची असममितीही (नदीच्या उजव्या बाजूचं क्षेत्र भागिले एकूण, गुणिले 100) पन्नाशीच्या आसपास, म्हणजे खोरं कललेलं नाही.

आणि मग प्रोजेक्टचा तो फॉर्म! ‘आढळलेला भ्रंश’ असा रकाना. ‘नाही’ लिहिलं, परत. ‘निरंक’ लिहिलं, परत. ‘मग केलंत काय?’ असा पेन्सिलीचा शेरा. तिसऱ्यांदा समितीसमोर भांडायच्या तयारीने गेले. एक मॅडम शांतपणे म्हणाल्या, “किल्लारीला 1993च्या भूकंपाआधी जमिनीवर कुणाला काय दिसलं होतं?” राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. ‘नाही’ आणि ‘या साधनांनी दिसला नाही’ यांत फरक आहे. माझा डेटा तीस मीटरच्या चौकटींचा; दोन-चार मीटरची पायरी त्यात विरून जाते. पण हे पहिल्याच शेऱ्यात लिहिलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते! शेवटी त्या बोटभर रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: ‘30 मीटर डेटा व क्षेत्रपाहणीत खूण दिसली नाही, सोमेश्वरची पायरी लाव्हाथरामुळे.’ सही झाली.

हो, सोमेश्वरला उन्हाळ्यातच जा. पावसात धरणाचं पाणी सोडलं की कातळ दिसतच नाही, फक्त कणीसवाले दिसतात.