ऑम्लेट नव्हे, भजी

त्या मेन्यूकार्डाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं, ‘स्मॉल श्रिम्प ऑम्लेट्स’. या तीन शब्दांपायी एक पाहुणी आजारी पडली होती, आणि म्हणूनच मला फोन आला होता.

मी मूळची उरणची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकले आणि आता नऊ वर्षं स्पेनमध्ये, सेव्हियात राहून स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतरं करते. करारपत्रं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, दवाखान्यांचे अहवाल हे रोजचं काम. मेन्यूकार्डं अधूनमधून येतात आणि जवळजवळ नेहमी शेवटच्या दिवशी येतात. चाळीस ओळी तर आहेत, त्याला कितीसा वेळ लागणार, असंच सगळ्यांना वाटतं. मला मात्र करारपत्रापेक्षा मेन्यूकार्डाची धास्ती जास्त वाटते. करारपत्र वकील दोनदा वाचतो. मेन्यू वाचणारा भुकेला असतो, तो अर्ध्या मिनिटात विश्वास ठेवतो आणि जे येईल ते तोंडात घालतो.

फोन कादिसजवळच्या सान फर्नांदोहून होता. छोटं घरगुती रेस्टॉरंट, मुलगा बाहेरचं बघतो, आई स्वयंपाकघर सांभाळते. मुलाने सगळं सांगितलं. एका इंग्रज बाईंना सीलिअ‍ॅक आजार होता, गव्हाचा कणही चालत नव्हता. ‘ऑम्लेट’ वाचून त्या निश्चिंत झाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. स्पेनमध्ये ‘तोर्तिया’ म्हणजे अंडी आणि बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, त्यात पीठ नसतंच. पण ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ हा पदार्थ नावाने त्या तोर्तियाच्या जवळचा असला तरी त्यात अंडं नाही आणि गहू आहे. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि स्पॅनिश कार्डावर तशा खुणा होत्याही. इंग्रजी कार्ड एका पानात बसवताना त्या खुणा गळून पडल्या होत्या. बाई दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पडून होत्या.

“कार्ड मेल करतो,” तो म्हणाला.

“नको, मीच येते,” मी म्हटलं. “मला पदार्थ होताना बघायचेत.”

मे महिना होता. सकाळच्या गाडीने मी दीडेक तासात पोचले. सान फर्नांदोला आसपासचे लोक नुसतं ‘ला इस्ला’ म्हणतात, म्हणजे बेट. गाडी गावाजवळ आली की दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. पाण्याचे चौकोन, मधले मातीचे बांध, पांढरे ढीग. मी नऊ वर्षांत तिथून अनेकदा गेले असेन, पण दर वेळी पोटात काहीतरी हलतं. उरणला शाळेत जाताना डाव्या हाताला हेच दिसायचं.

स्वयंपाकघरात आजींनी (मालकाच्या आईला सगळे तिथे आजीच म्हणतात) मला एप्रन दिला आणि एक परात पुढे ठेवली. परातीत मूठभर कामारोनेस होते, नखाएवढ्या, जवळजवळ पारदर्शक कोळंब्या, काही अजून उड्या मारत होत्या. याच गावचा जगप्रसिद्ध फ्लामेंको गायक कामारोन दे ला इस्ला (१९५०–१९९२), त्याचं टोपणनाव याच कोळंबीवरून पडलं. आजींनी गव्हाचं पीठ घेतलं, त्यात हरभऱ्याचं पीठ घातलं, मग बारीक चिरलेली कांद्याची पात, पार्स्ली, मीठ आणि थंड पाणी. पीठ ताकासारखं सरसरीत झाल्यावर कोळंबी सालासकट आत गेली. कढत तेलात चमचाभर पीठ सोडून त्याच चमच्याने ते पसरवलं. कडेला भोकं भोकं पडत गेली आणि क्षणात लालसर जाळी तयार झाली.

तो वास आला आणि मी काही बोलूच शकले नाही. बेसन, कांदा आणि ओला जवळा. पावसाळ्याआधी आमच्याकडे जवळा भरपूर यायचा आणि आई त्याची भजी करायची. ती थोडी जाड, यात हळद-तिखट नाही, एवढाच काय तो फरक.

“काय झालं, पोरी?” आजींनी विचारलं.

“आमच्याकडे हे करतात,” मी म्हटलं. “आम्ही याला भजी म्हणतो.”

“आणि इंग्रजीत?”

इथेच खरं काम सुरू झालं. इंग्रजीत जवळचा शब्द ‘फ्रिटर’. पण फ्रिटर म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे केळं किंवा सफरचंद घातलेला जाड, मऊ गोळा येतो. आजींची तोर्तियिता कागदासारखी पातळ होती. म्हणजे ‘फ्रिटर’ला सुरुवातीलाच हलकं करायला हवं होतं. शिवाय ‘स्मॉल’ हा शब्द कुठून आला तेही उघड होतं. स्पॅनिशमधला ‘इता’ हा प्रत्यय लहान आकार दाखवतो, पण कादिसकडे तो लाडाने कुठेही लागतो. कोणी तो मोजपट्टी समजून भाषांतरात उतरवला होता. मी ओळ लिहिली: ‘क्रिस्प, लेस-थिन फ्रिटर्स ऑफ टायनी श्रिम्प, ईटन शेल अँड ऑल, इन अ व्हीट-अँड-चिकपी बॅटर’. मूळ स्पॅनिश नाव वर ठळक ठेवलं, कारण ऑर्डर देताना तेच उच्चारायचं असतं. गहू मी मुद्दाम वर्णनातच घातला. खुणा पुन्हा कधी गळल्या तरी शब्द तिथे राहील.

स्पॅनिश मेन्यू गावांच्या नावांवर आणि माणसांच्या आठवणींवर चालतो. ‘आजीच्या हातचं’, ‘मायेनं केलेलं’, ‘लिलावातून आलेली मासळी’. स्पॅनिश वाचकाला एवढ्यावर भूक लागते, कारण त्याला ती आजी आणि तो लिलाव माहीत असतो. इंग्रजीत ‘ग्रँडमाज’ म्हटलं की बरणीवरचं लेबल आठवतं. इंग्रजीत भूक दाताने आणि जिभेने लागते. कुरकुरीत, मंद आचेवर शिजलेलं, कोळशावर भाजलेलं. म्हणून मी आजींना प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारत होते: याला तुम्ही काय करता? कुठून आला हे नंतर.

ट्यूना आला तेव्हा जुन्या कार्डावर ‘रेड ट्यूना’ होतं. स्पॅनिशमध्ये ‘आतून रोहो’, लाल ट्यूना, कारण स्पॅनिश माणूस मांसाचा रंग बघतो. इंग्रजीत त्याच माशाला ‘ब्लूफिन’ म्हणतात, कारण इंग्रज पर बघतो. ‘रेड ट्यूना’ वाचून इंग्रज गिऱ्हाईक साधा ट्यूना समजतो आणि किंमत बघून दचकतो. वसंतात हे मासे अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे जातात तेव्हा बार्बाते, साहारा, कोनिल, तारिफा या किनाऱ्यावरच्या गावांजवळ जाळ्यांच्या चक्रव्यूहात धरले जातात. मासेमारीची ही पद्धत, ‘आल्माद्राबा’, फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या काळापासूनची मानतात. मासा फोडण्याच्या कामाला ‘रोन्केओ’ म्हणतात, म्हणजे घोरणं, कारण सुरी कण्यावरून सरकताना तसा आवाज येतो. मालकाला हे सगळं कार्डावर हवं होतं. मी एकच ओळ ठेवली, भूक लागलेल्या माणसाला इतिहास वाचायला लावू नये असं माझं ठाम मत आहे. बाकीचं वेटरने सांगावं, तो छान सांगतो.

‘लुबिना दे एस्तेरो’पाशी मी अडले. लुबिना म्हणजे सी बास मासा. शब्दकोशात एस्तेरो म्हणजे ‘एस्च्युअरी’. पण ‘एस्च्युअरी सी बास’ वाचून गढूळ नदीचं तोंड डोळ्यांपुढे येतं. आजींनी मासे गुंडाळायच्या कागदावर पेन्सिलीने आकृती काढली. भरतीचं पाणी दारातून आत येतं, त्याबरोबर माशांची पिल्लं येतात. दार बंद होतं. मिठागराला पाणी पुरवणाऱ्या तळ्यांमध्ये ती पिल्लं वाढतात, तिथलीच कोळंबी खाऊन.

“हे तर खाजण,” माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि हे दार म्हणजे उघाडी.”

त्या कागदावर मी देवनागरीत ‘उघाडी’ लिहिलं. स्पॅनिशमध्ये त्याला शब्द आहे, मराठीत आहे, गोव्यात तर खाजण आणि मानस (तिथलं असंच दार) यांवर अख्खी शेती उभी आहे. इंग्रजीत मात्र जेवणाच्या टेबलावर चालेल असा शब्द मला सापडला नाही. शेवटी फोड करून लिहिलं: ‘सी बास फ्रॉम द टायडल पूल्स ऑफ आवर सॉल्ट पॅन्स’. ‘आवर’ हा शब्द मालकाला फार आवडला. मलाही.

खरा वाद झाला तो बिएनमेसाबेवर. जुन्या कार्डावर ‘टेस्ट्स गुड टू मी’, शब्दशः. कॅनरी बेटांवर याच नावाची बदामाची गोड खीर असते. कादिसमध्ये मात्र हा व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, जिरं आणि पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड) यांत मुरवून तळलेला मासा, म्हणजे ‘कासोन’. (लसूण आणि व्हिनेगरच्या अशाच पोर्तुगीज मुरवणीतून गोव्याचं विंदालू आलं.) कासोन म्हणजे लहान जातीची मुशी. इंग्रजीत ‘टोप’, एक प्रकारचा शार्क.

“शार्क नको,” मालक म्हणाला. “लोक घाबरतील. इंग्लंडमध्ये तळलेल्या मुशीला ‘रॉक सॅमन’ म्हणतात ना? तेच लिही.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिकडे फिश अँड चिप्सच्या दुकानांत ते नाव खरंच चालतं. पण त्यात सॅमन नाही, हे आपल्याला माहीत असताना मला ते लिहवेना. शिवाय पाऱ्याच्या प्रमाणामुळे गरोदर बायकांनी शार्क टाळावा असा सल्ला ब्रिटनची आरोग्यसेवाही देते आणि स्पेनची अन्नसुरक्षा संस्थाही. स्पेनच्या यादीत कासोन नावानिशी आहे, ब्लूफिनही आहे. आधीच एक बाई आपल्या कार्डामुळे आजारी पडल्यात, मी म्हटलं. आता एखादी गरोदर मुलगी ‘सॅमन’ वाचून हे मागवेल आणि आपल्याला कळणारही नाही.

तो गप्प बसला. आजी भांडं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “शार्क आहे तर शार्क लिही. मी चांगला करते, घाबरायचं काय आहे?”

आमच्याकडे मुशीचं कालवण करतात आणि तिला मुशीच म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. ओळ झाली: ‘बाइट्स ऑफ टोप, अ स्मॉल शार्क, मॅरिनेटेड इन व्हिनेगर, गार्लिक, ऑरेगनो अँड क्युमिन, देन फ्राइड’. ‘देन फ्राइड’ मी शेवटी ठेवलं, म्हणजे वाचणाऱ्याच्या कानात तेलाचा आवाज राहतो.

संध्याकाळी सहा वाजेपर्यंत बेचाळीस ओळी झाल्या. मग मी माझी नेहमीची तपासणी केली. स्पॅनिश कार्ड बाजूला ठेवून माझ्या इंग्रजी ओळी तोंडाने परत स्पॅनिशमध्ये सांगत गेले, आणि आजी डोळे मिटून ऐकत होत्या. कुठली ओळ ऐकून त्यांना आपला पदार्थ ओळखता येत नाही, ते बघायचं होतं. ट्यूनाला त्यांनी मान हलवली. एस्तेरोच्या माशाला “हो, हो,” म्हणाल्या. कासोनला “जिरं म्हटलंस ना? बरं केलंस.” मालक एकेका ओळीसमोर १४ घटकांच्या खुणा स्वतःच्या हाताने लावत होता आणि प्रत्येक वेळी आईला विचारून खात्री करत होता. गव्हाच्या पिठातले पदार्थ ज्या तेलात तळतात तेच तेल बटाट्यालाही वापरतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. बटाट्यालाही खूण लागली, आणि बटाट्यासाठी वेगळी कढई ठेवायची असं ठरलं.

तोर्तियितासची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. कुरकुरीत, जाळीसारख्या पातळ, चिमुकल्या कोळंबीच्या, सालासकट खायच्या, गहू आणि हरभऱ्याच्या पिठात, सोबत लिंबाची फोड.

आजींनी डोळे उघडले.

“लिंबू कुठून आलं?”

मी कागद बघितला. लिंबू मीच नंतर जोडलं होतं, सवयीने. तळलेली मासळी म्हटली की इंग्रजी कार्डांवर शेवटी लिंबू येतंच, म्हणून.

“मी लिंबू देत नाही,” त्या म्हणाल्या. “लिंबाने जाळी मऊ पडते.”

मी ते दोन शब्द खोडले. त्यांनी कढईखालचा गॅस पुन्हा पेटवला आणि एक तोर्तियिता माझ्यासाठी तळायला घेतली.